कलकत्ता कसोटीतली तीन नावे

क्रिकेटचा संघ जाहीर झाला की आमच्या मिरजेच्या मोहल्ल्यात एक हिशेब होत असे. चहाच्या हॉटेलात वर्तमानपत्राचे शेवटचे पान उघडले जाई, मोठे चाचा चष्मा पुसून एकेक नाव मोठ्याने वाचत आणि पलीकडच्या बाकावरून कुणीतरी विचारी, "आपले किती?" चाचा सांगत, "एक." कधी सांगत, "या वेळी कुणीच नाही." मग चहा येई आणि तो विषय तिथेच राही. आत गेलेल्याचा फॉर्म काय, बाहेर राहिलेल्याचे काय चुकले, याची चर्चा हिशेबानंतर. आणि पुष्कळदा ती व्हायचीच नाही.

हा हिशेब फक्त आपल्याच मोहल्ल्यात होतो असे नाही. पलीकडच्या गल्लीतही तो होतो, फक्त तिथला सवाल वेगळा असतो: हा आपल्याकडून मनापासून खेळतो ना? दोन्ही ठिकाणी माणसाची बॅट बाजूला पडते आणि नाव तेवढे उरते. ज्या काळात हा सवाल सगळ्यात तिखट असायला हवा होता, त्या काळात संघ कसे निवडले जात, हे पाहावे म्हणून मी १९४८-४९ च्या मालिकेकडे वळलो. स्वतंत्र भारतात खेळली गेलेली ही पहिली कसोटी मालिका. पाहुणे वेस्ट इंडीज, त्यांचा कर्णधार जॉन गोडार्ड, आपला लाला अमरनाथ.

काळ कसा होता ते आधी आठवावे. ऑगस्ट १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी निवडलेला संघ सरावासाठी पुण्याला जमायचा होता. त्यात लाहोरचा तरुण गोलंदाज फझल महमूद होता. तो पुण्यापर्यंत आलाही. परतीच्या रेल्वे प्रवासात त्याच्या जिवावर बेतले तेव्हा सी. के. नायडू हातात बॅट घेऊन त्याच्या आड उभे राहिले, ही हकीगत पुढे फझलनेच लिहून ठेवली आहे. तो लाहोरला पोचला आणि तिकडचाच झाला. १९५२ साली लखनौच्या कसोटीत त्याने भारताचेच १२ बळी घेतले. गुल महंमद आणि अमीर इलाही मात्र भारताच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले आणि नंतर पाकिस्तानकडून खेळले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. सप्टेंबरात हैदराबादेत पोलीस अॅक्शन झाली. आणि १० नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर पहिली कसोटी सुरू झाली.

भारताच्या सलामीला विनू मांकडबरोबर उतरला तो मुंबईचा के. सी. इब्राहिम. विजय मर्चंट प्रकृतीच्या कारणाने खेळत नव्हते, तेव्हा त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न होताच. इब्राहिमच्या बाजूने बोलायला निवड समितीला फार शब्द खर्च करावे लागले नसतील. आदल्या मोसमात, १९४७-४८ मध्ये, त्याने लागोपाठच्या डावांत नाबाद २१८, नाबाद ३६, नाबाद २३४, नाबाद ७७ आणि मग १४४ अशा धावा केल्या होत्या. म्हणजे एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत ७०९ धावा! त्या मोसमातली त्याची सरासरी १६७ च्या वर होती. फॉर्म म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

पण इब्राहिमला मुंबई आणखी एका डावासाठी ओळखत होती, आणि तो डाव जातवार क्रिकेटमधला होता. १९४४-४५ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत मुश्ताक अलीच्या मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले, तेव्हा इब्राहिम १३७ धावांवर नाबाद होता. या सामन्यांना गांधीजींचा विरोध होता आणि १९४६ मध्ये ते बंदच पडले. ते बंद पडले ते बरे झाले, असे माझे मत आहे. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्या संघांमध्ये नावे मोजण्याचा प्रश्न नव्हता. अकराच्या अकरा 'आपलेच' असल्यामुळे भांडण फक्त खेळावरून होई, याला घ्या, त्याला काढा. मोजणी सुरू झाली ती त्यानंतर.

दिल्लीत इब्राहिमने ८५ आणि ४४ धावा केल्या. वेस्ट इंडीजने ६३१ चा डोंगर रचला होता, चौघांनी शतके ठोकली होती. त्यापुढे पदार्पणात ही कामगिरी कुणालाही शोभली असती. सामना अनिर्णित राहिला. सलामीची एक जागा आता काही वर्षे भरली, असे मुंबईकरांना वाटले असेल तर त्यात नवल नाही.

पुढे मात्र त्याचा सूर हरवला. त्याच्या कसोटी कारकिर्दीचा पूर्ण हिशेब चार सामने, आठ डाव, १६९ धावा असा आहे. त्यातून दिल्लीच्या १२९ वजा करा. उरलेल्या सहा डावांत मिळून चाळीस! दुसरी कसोटी त्याच्या स्वतःच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर होती. ज्या खेळपट्टीचा कण न् कण त्याला ठाऊक होता, तिथे त्याला काही जमले नाही. दुसरीकडे एव्हर्टन वीक्स डावामागून डाव शतके काढत होता. दिल्लीत १२८, मुंबईत १९४, कलकत्त्यात १६२ आणि १०१, मद्रासला ९० वर धावबाद. मायदेशातले आधीचे एक शतक धरले तर लागोपाठ पाच डावांत पाच शतके. एकाच मालिकेत एकाच्या बॅटला पाझर फुटतो आणि दुसऱ्याची विहीर आटते. यात नावाचा, गावाचा, नमाजाचा काय संबंध?

तिसरी कसोटी ३१ डिसेंबर १९४८ ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर सुरू झाली. निवड समितीने इब्राहिमला आणखी एक संधी दिली आणि त्याच्या जोडीला इंदूरहून मुश्ताक अलीला बोलावले. म्हणजे फाळणीनंतर दीड वर्षाने, ऑगस्ट १९४६ ची कत्तल पाहिलेल्या कलकत्त्यात, भारताची सलामी करायला मुश्ताक आणि इब्राहिम हे दोघे पॅड बांधून निघाले.

मुश्ताकचे आणि त्या मैदानाचे नाते जुने होते. जानेवारी १९३४ मध्ये तो पहिली कसोटी खेळला ती तिथेच. १९३६ साली मँचेस्टरला मर्चंटबरोबर २०३ धावांची सलामी देताना त्याने ११२ केल्या. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. क्रीज सोडून चार पावले पुढे येऊन वेगवान गोलंदाजाला फटकावणारा हा माणूस लोकांचा लाडका न झाला तरच आश्चर्य. नोव्हेंबर १९४५ मध्ये हॅसेटचा ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघ आला असताना कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताकला वगळण्यात आले. कलकत्त्याचे लोक रस्त्यावर आले. निवड समितीवरच्या दुलीपसिंहजींना घेरून त्यांनी एकच घोषणा लावून धरली: 'नो मुश्ताक, नो टेस्ट!' आझाद हिंद फौजेच्या खटल्यांवरून पेटलेले ते शहर, त्याच महिन्यात तिथे गोळीबार झालेला, आणि त्यातून वेळ काढून लोक एका फलंदाजासाठी भांडत होते. मुश्ताकला संघात घ्यावे लागले. त्या गर्दीत सगळे एकाच धर्माचे खचित नव्हते आणि मुश्ताकच्या नावाचा अर्थ कुणाला कळत नव्हता असेही नाही. त्यांना त्याचा स्क्वेअर कट पाहायचा होता.

त्या गोष्टीला तीन वर्षे उलटली होती. मुश्ताक आता ३४ वर्षांचा होता. त्याने पहिल्या डावात ५४ आणि दुसऱ्या डावात १०६ धावा केल्या. ४३१ धावांच्या लक्ष्यापुढे भारताने ३ बाद ३२५ अशी मजल मारली आणि सामना वाचवला.

त्या अकरा जणांत तिसरे नाव होते गुलाम अहमद. हैदराबादचा उंच ऑफस्पिनर, ही त्याची पहिलीच कसोटी. हे नाव वाचले की मी जरा थांबतो, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. पोलीस अॅक्शनला साडेतीन महिने झाले होते. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती उस्मानाबाद, नांदेड, बीदर भागातून फिरत होती, उजाडलेली घरे आणि विधवा झालेल्या बाया पाहत होती. ज्या वाचकांची मुळे त्या मातीत आहेत त्यांना मी काय सांगू? आणि त्याच दिवसांत हैदराबादच्या एका मुसलमान तरुणाची निवड भारताच्या संघात होते, तो कलकत्त्याला जातो आणि पहिल्याच डावात चार गडी बाद करतो. एका गोष्टीने दुसरी पुसली जाते असे मी म्हणत नाही. दोन्ही एकाच महिन्यातल्या आहेत, एवढे आपण लक्षात ठेवत नाही.

त्या संघात रुसी मोदी पारशी होता आणि आमच्या सांगलीचा विजय हजारे ख्रिस्ती. मोजायचेच झाले तर अकरातले पाच. पण त्या वेळचा खरा गदारोळ धर्मावरून नव्हता, प्रांतावरून होता. मुंबईचे जास्त की दिल्लीचे, बंगालला कुणी विचारतो की नाही? मालिका संपल्यावर बोर्डाचे अध्यक्ष अँथनी डिमेलो यांनी अमरनाथवर आरोपांची भली मोठी यादी ठेवली. त्यात बंगालच्या खेळाडूला संघात घेण्यासाठी कलकत्त्यात पैशांची थैली स्वीकारल्याचाही आरोप होता. अमरनाथने सगळे आरोप फेटाळले. थैली खरी असो वा खोटी, भांडण कशावरून होते ते त्यावरून कळते.

मद्रासच्या चौथ्या कसोटीत इब्राहिमला वगळले. त्याच्या जागी महाराष्ट्राचा मधुसूदन रेगे आला. त्याने १५ आणि शून्य धावा केल्या, भारत एक डाव आणि १९३ धावांनी हरला आणि रेगेची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. एका सामन्यात! पाचव्या कसोटीसाठी मुंबईत पुन्हा इब्राहिमला बोलावले, तो पुन्हा लवकर परतला. याच कसोटीत ३७ वर्षांच्या शुटे बॅनर्जीला आयुष्यातली पहिली आणि शेवटची कसोटी मिळाली. १९३६ आणि १९४६ असे इंग्लंडचे दोन दौरे करूनही तो कसोटीपासून वंचित राहिला होता. १९३६ ला ओव्हलवर त्याची जागा बाका जिलानीला गेली. कर्णधार विझीच्या सांगण्यावरून जिलानीने न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केला, त्याचे ते बक्षीस होते, असे सांगतात. आपल्या मोजणीत जिलानी 'एक' म्हणून जमा होतो. मला त्या एकाचा अभिमान वाटत नाही. बॅनर्जीने मुंबईत दुसऱ्या डावात चार बळी घेतले. हजारेच्या १२२ धावांच्या जोरावर भारत विजयापासून सहा धावांवर येऊन थांबला, कारण वेळ शिल्लक असताना पंचांनी बेल्स उचलल्या.

आता पुढचे महिने पाहा. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांनी मिळून २३७६ धावा कुटल्या. त्यात रेगेची दोन शतके होती, १३३ आणि १००. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईचा कर्णधार इब्राहिम याने २१९ धावा केल्या आणि करंडक जिंकला. दोघांचाही फॉर्म परत आला, पण मालिका संपल्यावर. रेगे हिंदू, इब्राहिम मुसलमान. दोघांनाही कसोटी पुन्हा मिळाली नाही. इब्राहिमसाठी 'नो इब्राहिम, नो टेस्ट' असे कुणी ओरडले नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. तो चिकट खेळाडू होता, तासन् तास उभा राहणारा. लोक घसा कोरडा करतात ते मुश्ताकसारख्यासाठी. निवड समितीने घाई केली असे माझे मत आहे. ७०९ धावांच्या माणसाला पुढचा मोसम द्यायला हवा होता. पण ही तक्रार मी रेगेसाठीही तितक्याच जोराने करीन. इब्राहिम पुढे कराचीला गेला आणि २००७ साली तिथेच वारला.

मुश्ताक आणि गुलाम अहमद इथेच राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा दोघेही संघात होते; मुश्ताकची ती शेवटची कसोटी. गुलाम अहमद २२ कसोटी खेळले, ६८ बळी घेतले, तीन सामन्यांत कर्णधार होते, पुढे बोर्डाचे सचिव झाले.

१९८३ च्या उन्हाळ्यात विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, तेव्हा मी सुटीत घरी होतो. चाचांनी नावे वाचली. पलीकडच्या बाकाने नेहमीचा सवाल केला. "एक. किरमाणी," चाचा म्हणाले. मी तेच पान उलटसुलट करून पाहत होतो. म्हटले, "चाचा, संघ निवडणाऱ्यांचा अध्यक्ष कोण आहे ठाऊक आहे? गुलाम अहमद."

"हैदराबादचा?" चाचांनी चष्मा काढला. "अरे, काय ऑफब्रेक होता त्याचा!" आणि मग चहा निवेपर्यंत ते हवेत बोटे फिरवून तो चेंडू कसा सुटायचा ते दाखवत राहिले.