साथीचे दिवस आणि वारीचा नेम

माउली, मुक्ताईची पालखी शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईकडे येऊ लागली की आपल्याकडे आषाढ लागतो. पंचांगात ज्येष्ठ असला तरी आपल्या दारात आषाढच असतो. मुक्ताईनगराहून निघून महिन्याहून जास्त चालणारी ही पालखी २०२० आणि २०२१ साली आपल्या रस्त्याने पायी आली नाही. पादुका एसटीत बसून पंढरीला गेल्या. पहिल्या वर्षी मानाच्या नऊ पालख्या आणि प्रत्येकीबरोबर वीसच माणसं. दुसऱ्या वर्षी दहा पालख्या, प्रत्येकीला दोन गाड्या आणि चाळीस माणसं. रस्ता मोकळा पाहून अनेक म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. असं कधी झालंच नव्हतं, असं जो तो म्हणत होता.

झालं होतं, माउली. अगदी असंच नव्हे, पण साथ आणि वारी यांची गाठ जुनी आहे.

आपल्या आजे-पणज्यांच्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, यात्रेबरोबर चालायची. लाखभर माणूस एका नदीवर यायचं, तेच पाणी अंघोळीला, तेच प्यायला. आजारी माणूस परतीच्या वाटेवर ज्या गावी मुक्काम करी, त्या गावी पटकी ठेवून जाई. गावं मग मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. त्याला हसू नका. रोग बाहेरून येतो आणि शिवेवरच अडवावा लागतो, एवढं त्यांना कळलेलं होतं. पाण्यातून येतो, हे कळायचं राहिलं होतं.

१८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. प्रवासी तपासायचे, यात्रा रोखायच्या, हे सगळं त्या बळावर सुरू झालं. पुढे प्लेगच्या वर्षांत यात्रेकरूंना रेल्वेची तिकिटं मिळेनाशी झाली, आणि पालखीच प्लेग घेऊन येते असा साहेबांचा समज झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे आपल्या वारकऱ्याला देवाकडे जाताना राज्याची हद्दही ओलांडावी लागे. इकडे गावात उंदीर पडले की लोक घर सोडून रानात खोपी घालून राहत. तेही विलगीकरणच, नाव तेवढं नवं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला, तो हाच १८९७ चा कायदा.

१९१८ च्या मानमोडीत तर घरंच्या घरं ओस पडली. ती कधी संपली, त्याची तिथी कुणी सांगत नाही. ती हळूहळू नेहमीच्या सर्दीतापात मिसळून गेली.

पटकीचं तसं झालं नाही; तिला वारीने सामावून घेतलं. माझ्या लहानपणी पंढरपुरात शिरताना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. दंड सुजे, रात्री अंगात कणकण येई, टाळ वर धरवत नसे. काही जण सुई चुकवायला आडवाटेने शेतातून शिरत आणि त्याची फुशारकी मारत. आमचे वडील म्हणत, सुई घेतलेला दंड विठोबाला जास्त आवडतो. विनोदच तो, पण पुढे सुई, टाकीचं पाणी, नदीत औषध हे सगळं वारीतलंच वाटू लागलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायचं आहे. २०२१ च्या फाल्गुनात एका गावी सप्ताह होता. माणसं मोजकी, पण मंडप भरलेला. माझ्याबरोबर तीस वर्षं मृदंग वाजवणारा सोबती खोकत होता. "बुवा, काल्यापर्यंत वाजवतो," म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही. सेवा मोडू नये, असंच आम्ही शिकलो होतो. चैत्रात तो गेला. दहाव्याला कीर्तन झालं नाही, मृदंगही नाही. त्याच्यामुळे आणखी किती जणांना झालं, माझ्यामुळे किती जणांना, हा हिशेब मी मांडतो आणि अर्ध्यावर सोडतो.

आणि तरीही त्याच वर्षी आषाढात पायी निघालेल्यांना पोलिसांनी अडवलं तेव्हा माझं मन अडवलेल्यांच्या बाजूला होतं. दोन्ही खरं आहे. लपवून काय करू?

२०२२ च्या गुढीपाडव्याला विठोबाचं पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झालं आणि त्या आषाढात वारी पायी चालली. ५ मे २०२३ रोजी, वैशाखी पौर्णिमेला, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. आजार गेला, असं ती म्हणाली नाही. आपण मात्र तसंच ऐकलं. पुन्हा एका राहुटीत चाळीस जण खेटून झोपतात, एका तांब्याला सगळ्यांची तोंडं लागतात, आणि खोकणारा म्हणतो, "काही नाही बुवा, धुळीने होतं."

काही गोष्टी मला सोडवत नाहीत. उराउरी भेट सोडा, असं मी म्हणणार नाही. वारकऱ्याने वारकऱ्याच्या पाया पडायचं, हे गेलं तर आपल्यात उरलं काय? पण ज्याला ताप आहे त्याने लांबूनच हात जोडावेत, आणि आपण रुसू नये. कोरोनानंतर ज्यांना दम लागतो अशी माणसं आपल्या दिंडीत आहेत. बीडच्या पुढे बालाघाटाचा चढ त्यांना झेपत नाही. त्यांनी बीडपर्यंत चालावं, पुढे एसटीने जावं. पादुका दोन वर्षं एसटीनेच गेल्या होत्या. त्यांच्या वारीला कुणी कमी म्हटलं नाही.

आमच्या दिंडीत यंदा दोन बदल झाले. पाण्याच्या पिंपाला तोटी बसवली, तांब्या बंद. आणि एक लहान राहुटी वेगळी घेतली, अंगात कणकण असणाऱ्यासाठी. तिचं भाडं कशाला, असा वाद झाला. मृदंग आता त्या सोबत्याचा मुलगा वाजवतो. तो म्हणाला, भाडं मी देतो.