चौघेही एकाच ठिकाणी चुकत नाहीत

मराठी विषय शिकविणाऱ्या माणसांनी गणिताविषयी लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. आमचे गणित शालान्त परीक्षेबरोबर सुटले, ते कायमचेच. तरीही हा विषय आमच्यापर्यंत आला तो भाषेच्या वाटेने. निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव कांद्याच्या बाजारामुळे आणि पानिपतावरून परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्यामुळे ठाऊक असते. या परिसरात अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलेमुली तास संपल्यावर, एस.टी.ची वाट पाहत, एका वहीभोवती दाटीने बसून एकमेकांना गणिते समजावून देताना आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. प्रारंभी ही आम्हाला गरजेपोटीची सोय वाटे. गावात गणिताचे शिक्षक मोजके, शहरातली शिकवणी परवडत नाही, म्हणून मुले मुलांनाच विचारतात, असे आम्ही समजत होतो. या सोयीचा इतिहास शोधू लागलो तेव्हा हे मत बदलावे लागले.

या शिक्षणाची एक फार जुनी साक्ष आपल्या शेजारच्या प्रांतातून मिळते. पिएत्रो देल्ला व्हाले हा रोमचा प्रवासी १६२३ मध्ये पोर्तुगीज वकिलाच्या परिवारासह गोव्याहून कर्नाटकातील इक्केरीच्या नायकाकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याने चार मुलांना अंकगणित शिकताना पाहिले. एकजण पाठ सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता जमिनीवरील बारीक वाळूत बोटाने लिही. बाकीचे तेच म्हणत आणि लिहीत. जागा भरली की पुन्हा वाळू पसरायची. जवळ गुरुजी कोणी नव्हते. तुमचे चुकले तर दुरुस्त कोण करणार, असे त्याने विचारले. मुलांनी उत्तर दिले की, आम्ही चौघेही एकाच ठिकाणी चुकू हे शक्य नाही, एकाचे चुकले तर बाकीचे सुधारतील, म्हणून तर आम्ही एकत्र बसतो. प्रवाशाला ते उत्तर पटले आणि त्याने ते आपल्या पत्रांत नोंदवून ठेवले. सहाध्यायाचा सारा सिद्धान्त त्या मुलांच्या उत्तरात आला आहे. इथे कोणी सर्वज्ञ असण्याची गरज नाही. प्रत्येकाची चूक निराळ्या जागी होते, एवढे पुरेसे आहे.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी हीच रीत इंग्रजांच्या हाती पडली. १७८९ मध्ये मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था डॉ. अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. एतद्देशीय शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली व तो प्रयोग आपल्या शाळेत सुरू केला. पगारी शिक्षक दाद देईनात, तेव्हा त्यांनी एका लहान मुलावरच वर्ग सोपविला. १७९७ मध्ये त्यांनी याचे वृत्त लंडनमध्ये छापले. जोसेफ लँकेस्टर यांनी तिकडे १७९८ पासून याच धर्तीची पद्धत चालविली. एक शिक्षक आणि शेकडो मुले हे गणित स्वस्त पडत असल्याने ती पद्धत जगभर पसरली.

मात्र या प्रवासात एक बदल झाला. ओसरीतील चौघांत कोणीही कोणाला सुधारू शकत होते. बेल-लँकेस्टर पद्धतीत सांगणारा मुलगा नेमलेला होता, तो अधिकारी झाला. त्याने सांगायचे, इतरांनी म्हणायचे. आपल्या पंतोजींच्या शाळेतही पावकी, निमकी, पाऊणकी यांचे पाढे एकजण पुढे म्हणे आणि सारे त्याच्या मागे म्हणत. पाठांतराला हे पुरते. उदाहरण सोडवायला पुरत नाही, कारण तिथे ऐकणाऱ्याला 'हे कसे आले?' असे विचारण्याची मुभा हवी.

ही मुभा मुंबई इलाख्यात दिसू लागते ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. त्याआधी १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटनचे गणित मराठीत आणले होते. नवे गणित मराठीत शिकता येईल, हा विश्वास त्या कामामागे होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. तिच्या शाखा मराठी व गुजराती भाषांतून चालत. १८४९ मध्ये याच सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सकाळच्या वेळात स्वतः विनावेतन शिकविले. त्यांच्यातील दादाभाई नौरोजी पुढे त्याच विद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. एकमेकांना सांगण्याची सवय लागलेली मुले मग वर्तुळाबाहेरच्यांनाही सांगू लागतात, याचे हे उदाहरण होय.

विंचूरजवळच्या निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे याच परंपरेतले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली, तीत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पहिले बी.ए. झालेल्या मोजक्या तरुणांतही ते होते. विचारायला मागच्या वर्षीचा कोणी विद्यार्थीच नाही, अशी ही तुकडी. शिकत असतानाच रानडे दक्षिणा फेलो झाले. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा देत, तिच्या निधीतून इंग्रजी अमदानीत ही वृत्ती निघाली. फेलोने स्वतःचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांना शिकवावे, अशी तिची रचना होती. अर्धा विद्यार्थी, अर्धा शिक्षक अशा माणसाला संस्थेत मानाची जागा होती, हे आज मुद्दाम लक्षात घ्यावेसे वाटते.

तथापि या विद्यापीठाची भाषा इंग्रजी होती. जर्व्हिसने सुरू केलेले काम शालेय वर्गांत टिकले, वरच्या वर्गांत खुंटले. १९७० च्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, माध्यमिक शाळांना कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली आणि पूर्वी शहरी महाविद्यालयात जाऊन शिकावे लागणारे गणित हळूहळू तालुक्यांत, मोठ्या गावांत पोहोचले. ते मात्र बहुतांशी इंग्रजीतच पोहोचले. दहावीपर्यंत 'वर्गसमीकरण', 'निश्चयक', 'संभाव्यता', 'अंकगणिती श्रेढी' असे शब्द वापरणारा मुलगा अकरावीत जातो आणि त्याचे सारे शब्द एका उन्हाळ्यात बाद होतात. 'श्रेढी' हा शब्द तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला आहे. आठशेहून अधिक वर्षे टिकलेला शब्द अकरावीच्या उंबरठ्यावर निरुपयोगी ठरतो. सेमी इंग्रजीत शिकलेल्यांची ही अडचण काहीशी कमी असते, एवढेच.

त्या वहीभोवती काय घडते हे आम्हाला येथून कळू लागले. तीन नाणी फेकली असता 'ॲट लीस्ट वन हेड' मिळण्याची संभाव्यता काढायची होती. गणित येणारा एक मुलगा अडला होता तो 'ॲट लीस्ट'पाशी. शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, किमान एक. म्हणजे एकही छाप नाही ते सोडून बाकीचे सगळे." आठ शक्यतांपैकी छाप नसलेली एकच, म्हणून उत्तर सात अष्टमांश. तिने एक ओळ मराठीत आणली आणि त्याचे उदाहरण सुटले. मग तिच्या वहीतली वजाबाकीची चूक त्याने दाखविली. बारावीच्या गणिताची मराठी आज कुठे घडत असेल, तर ती अशा ठिकाणी. तीत 'लिमिट टाक', 'साइन बदल' असे संकर असतात, आम्हा भाषाशिक्षकांना ते खटकतातही. पण समजूत त्यांतूनच पुढे सरकते. शासनाच्या परिभाषाकोशांतील शब्द शुद्ध आहेत, ते तोंडात मात्र रुळले नाहीत.

एक आक्षेप आमच्याच सहकाऱ्यांचा आहे. ही मदत पुढे परीक्षेतल्या कॉपीला वाट करून देते, असे ते म्हणतात. आम्हाला दोहोंतला फरक साधा वाटतो. कॉपीत उत्तर सरकते, पण 'हे कसे आले?' हा प्रश्न विचारता येत नाही. वहीभोवती हाच प्रश्न सारखा विचारला जातो. दुसरी उणीव मात्र खरी आहे. हे वर्तुळ आपोआप सर्वांना आत घेत नाही. ज्या मुलीला तास संपताच पहिल्या गाडीने घर गाठावे लागते, ज्याला दुपारी कांद्याच्या खळ्यावर जावे लागते, ती दोघे या शिक्षणाला मुकतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर हे वर्तुळच मोडले. ज्यांच्या घरी चांगला फोन होता त्यांना व्याख्याने ऐकता आली. अडल्या ओळीपाशी शेजारी मात्र कोणी नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे लहानसेच आहे. वेळापत्रकात आठवड्यातले दोन तास असे असावेत की वर्ग उघडा असेल, गणिताचे शिक्षक मागे बसलेले असतील आणि मुले आपल्या भाषेत एकमेकांना विचारतील. शाळेच्या वेळेतच हे तास ठेवले तर पहिल्या गाडीने जाणारी मुलगीही त्यांत असेल. मागे बसायला आम्हीही येऊ. आमचे सुटलेले गणित या मुलांकडून थोडे शिकून घेता आले, तर तेही हवेच आहे.