डोक्याला देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये एखादा माणूस काहीच्या काही वागायला लागला की लोक म्हणतात, हा 'डूलॅली' झालाय. आपल्या अहिराणीत सांगायचं तर 'येडा व्हयना'. शिवी नाही, चेष्टेतला शब्द. पण तो गेलाय आपल्या बाजूनेच. सोनगीरहून आग्रा रोडने धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिकला पोचा, तिथून जवळच देवळाली कॅम्प. गोऱ्या सोल्जरांनी या देवळालीचं डूलॅली केलं.

1861 साली तिथे लष्कराची छावणी पडली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई इथे आणून ठेवायचे आणि मुंबईहून बोट मिळाली की विलायतेला पाठवायचे. पण फौजेच्या बोटी हिवाळ्याच्या आसपासचे काही महिनेच सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, तो पुढच्या हंगामापर्यंत तिथेच अडकला. ना धड कवायत, ना घर. वर उन्हाळा. नाशिकची हवा थंड असं आपण म्हणतो, पण ते आपण! त्यात दारू, मारामाऱ्या, नाही नाही ते आजार. फ्रँक रिचर्ड्स नावाचा जुना शिपाई हिंदुस्थानात नोकरी करून गेला होता. 1936 सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात त्याने या शब्दाचं मूळ असंच सांगितलंय. आयुष्यभर चांगलं वागलेले गडी इथल्या रिकामपणात बिघडले.

पूर्ण शब्द होता 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, आपला ताप! देवळालीचा ताप. आपण आजही 'डोक्याला ताप' म्हणतोच की. पुढे इंग्रजांनी ताप सोडून दिला, गावाचं नाव तेवढं ठेवलं. आपलं सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांनी ओळखलं जातं. देवळालीत आज तोफखान्याची मोठी शाळा आहे, पण साता समुद्रापार ते गाव ओळखलं जातं वेडासाठी, आणि तेही तिथल्या लोकांच्या नव्हे, साहेबाच्याच शिपायांच्या वेडासाठी. मला तर यात गावावर अन्यायच दिसतो.

पण साहेबाला कशाला नावं ठेवायची? आपण 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' म्हणतो ते काय वेगळं? ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. गावच्या ग्रुपवर राजकारणावरून जुंपली की तिसऱ्या-चौथ्या मेसेजला हा शेरा ठरलेला. त्याच ग्रुपवर असा एखादा भाऊ किंवा बहीण असते, जिच्या घरचं माणूस खरोखर तिथे उपचाराला जाऊन आलेलं असतं. ते दवाखान्याचं नाव कुणाला सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'मुंबईले गयथूत, कामले.'