लस न टोचलेले ससे

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नरखेड तालुक्यात गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचतात. मोवाड-जलालखेड्याकडचा शेतकरी बैलाला धरून उभा राहतो. पण ही लस लागू पडते हे ठरवले कोणी, असे क्वचितच विचारतो. प्रश्न मात्र रास्त आहे. जंतूंवरची लस आधी जनावरांवर पारखून मग माणसाला देण्याचा आपल्याकडचा गाजलेला दाखला आहे मुंबईच्या प्लेगचा.

श्रोतेहो, १८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा मिळाली. बोकडाच्या मांसरसात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि वर तुपाचे थेंब तरंगत सोडले. होय, आपल्या स्वयंपाकघरातले तूप! त्याच्या आधाराने जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबत असे. मग तापवून जंतू मारले, की लस तयार.

पुढचे काम सशांचे. लस टोचलेल्या सशांना जिवंत जंतू दिले, तरी ते वाचले. पण अशा प्रयोगात, माझ्या मते, खरी साक्ष देतो तो न टोचलेला ससा. तोही जगला, तर श्रेय लसीला द्यायचे कशावरून?

सशावरून माणसाचे सांगता येत नाही. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण निभावले. यातून लस घातक नाही एवढेच कळले. ती वाचवते का, हा प्रश्न तसाच राहिला.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली, स्वखुशीने असे म्हणतात. तुरुंगातला होकार कितपत मोकळा असतो, ही शंका आज येतेच. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, दोघेही बरे झाले. न घेतलेल्यांपैकी बाराजणांना झाला आणि सहा दगावले. लसीचा पुरावा त्या सहाजणांच्या मृत्यूने पुरा केला. हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला १९२५ साली मिळाले; त्या सहाजणांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत.

त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या.

पुढे १९३० च्या दशकात परळलाच साहिबसिंग सोखी यांनी लसीची ताकद उंदरांवर मोजण्याची पद्धत बसवली.