छायाचित्रांतील तेजोवलय

छायाचित्रावर सोनेरी छटा चढवावी, उजळ भागांभोंवतीं मंद प्रभा पसरावी, आणि साधें दृश्य स्वप्नांतलें भासावें, ही करामत हल्लीं संगणकावर क्षणार्धांत साधते. ती नव्या यंत्राची नवी लीला आहे, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु इतिहास चाळून पाहिला तर निराळेंच दिसतें. आज हौसेनें लावली जाणारी ही प्रभा आरंभीं छायाचित्रकाराची वैरीण होती. दोषाचा अलंकार कसा झाला, तेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

पूर्वीं कांचेच्या पट्टीवर प्रकाशग्राही लेप देत. समोर उजळ खिडकी किंवा दिवा आला म्हणजे त्याचे किरण लेपांतून आरपार जात, कांचेच्या मागल्या पृष्ठावरून परतत आणि लेपावर पुन्हा पडत. त्यामुळें दिव्याभोंवतीं धूसर कडें उमटे. इंग्रजींत यास ‘हॅलेशन’ म्हणतात. तें टाळण्यासाठीं पट्टीच्या पाठीस गडद लेप देण्याची रीत निघाली. पुढें परतणारा प्रकाश शोषून घेणारा थर फिल्मच्या रचनेंतच आला.

कारागीर दोष घालविण्यांत गुंतले असतां कलावंतांना मात्र अस्पष्टतेंत गुण दिसूं लागला. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन या बाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. १८६३ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें त्यांना कॅमेरा भेट दिला. त्यांनीं टिपलेल्या टेनिसन, हर्शेल प्रभृतींच्या मुद्रांत कडा विरघळल्यासारख्या दिसतात. यास तत्कालीन जाणकारांनीं अकौशल्य म्हटलें. बाईंनीं आपली दृष्टि सोडली नाहीं. आज त्याच मुद्रा त्या कलेचें भूषण मानल्या जातात.

रंगाची कथाहि अशीच आहे. १८३९ सालीं दागेर याची पद्धति जगापुढें आली तेव्हां चित्रांत रंग नव्हते. उणीव भरून काढण्यास लोकांनीं कुंचला हातीं घेतला. आपल्याकडेहि जुन्या दिवाणखान्यांतून हातानें रंगविलेलीं छायाचित्रें आढळतात. पुढें १९०७ सालीं ल्यूमिए बंधूंनीं ‘ऑटोक्रोम’ पट्टी बाजारांत आणली. यांच्याच चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला होता. ऑटोक्रोमच्या पट्टीवर बटाट्याच्या पिष्टाचे नारिंगी, हिरवे व जांभळे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. चित्राला येणारा रवाळ मृदुपणा त्या कणांचा होता. रंग हवा असेल तर तोहि पत्करावा लागे.

प्रभा हेतुपूर्वक घडविण्याची प्रसिद्ध युक्ति कॅनडाचे मायकेल ऑर्टन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत रूढ केली. एकाच दृश्याच्या दोन स्लाइडा घ्यावयाच्या, एक रेखीव व दुसरी अस्पष्ट, आणि त्या एकमेकींवर ठेवावयाच्या. दोन थरांतून जातांना प्रकाश कमी होतो, म्हणून दोन्ही स्लाइडा मुळांतच अधिक उजळ काढीत. रेखीव स्लाइड आकार देई, अस्पष्ट स्लाइड रंग पसरवी. १९९० सालीं फोटोशॉप आलें व १९९४ च्या आवृत्तींत थरांची सोय झाली. मग तेंच काम अंकांनीं होऊं लागलें: चित्र उजळावें, त्याची प्रत काढून धूसर करावी, आणि दोहोंच्या अंकांचा गुणाकार करावा. यंत्र बदललें, विचार तोच राहिला.

मग हें सजविणें असत्य आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रांत क्षेमेंद्रानें औचित्याला रसाचें जीवित मानलें; येथेंहि तीच कसोटी लावावी. प्रकाश आहे तेथें प्रभा शोभते. सर्वत्र पसरली कीं ती धुकें होते, आणि मुखावरची रेघ न् रेघ पुसून टाकते.

परंतु कौटुंबिक चित्रांविषयीं अधिक सावध राहिलें पाहिजे. जुन्या रंगाऱ्यास आजीच्या लुगड्याचा रंग घरच्या माणसांना विचारून घेतां येई. आजचें यंत्र जुन्या चित्रांत रंग भरतें तें असंख्य परक्या चित्रांवरून बांधलेल्या अंदाजानें. तो रंग पाहून पुढची पिढी म्हणेल, आजीचें लुगडें असेंच होतें. आणि तिला खोडून काढणारा कोणी उरलेला नसेल. म्हणून मूळ चित्र जसें आहे तसें, डागांसह, निराळें जतन करावें. सजविलेल्या प्रतीवर ती सजविलेली आहे असें लिहून ठेवावें. आणि लुगड्याचा खरा रंग ज्यांना आठवतो त्यांस तो आजच विचारून घ्यावा.