जखमेचा कागद

अफझलखान मारला गेला, जावळीच्या रानात त्याची फौज मोडली आणि शाळेच्या पुस्तकातला धडा तिथेच संपला. कृष्णाजी अनंत सभासद मात्र आपल्या बखरीत पुढचा हिशेबही देतो. कामी आले त्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी चाकरीत चालवलं, मुलगा नव्हता तिथे बायकोला निम्मं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम पाहून 25, 50, 100, 200 होन दिले. मी फौजेत क्लार्क होतो, पलटणीच्या बोलीत बाबू. त्यामुळेच असेल, पण या प्रसंगात माझी नजर वाघनखांपेक्षा त्या चार आकड्यांवर जास्त रेंगाळते. कुणीतरी एकेकाची पट्टी सोडून पाहिली असणार. ही पन्नासाची, ही दोनशेची. जखम ओली आणि पाहणारा समोर, मग अर्ज कशाला हवा?

निवृत्तीनंतर साताऱ्याकडे मी माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. बहुतेक अर्ज नावांच्या घोळाचे. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव लक्ष्मी आणि आधारवर लक्ष्मीबाई, एवढ्यावर फॅमिली पेन्शन अडते. पण अधूनमधून एखादा म्हातारा येतो, चहा घेतो, पावसापाण्याचं बोलतो आणि उठता उठता विचारतो, "बाबू, मला लढाईत लागलं होतं. त्याचं काही नसतं का?"

असतं. पराक्रम पदक त्याचंच. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला ते मिळतं. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. सुरू झालं 1973 साली, पण लागू केलं 15 ऑगस्ट 1947 पासून. म्हणजे काश्मीर, 1962, 1965, 1971, सगळ्या लढायांतले जखमी त्यात बसतात. नियम उदार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गोम अशी की 1973 पर्यंत यातले कितीतरी जण घरी येऊन नांगराला लागले होते, आणि असं पदक निघालंय हे त्यांना सांगायला कुणी बांधावर येणार नव्हतं.

त्याआधी जखमेची खूण अंगावर मिरवायची सोय इंग्रजांनी केली ती 1916 मध्ये. जखमी शिपायाच्या डाव्या बाहीवर सोनेरी पट्टी, प्रत्येक जखमेला एक. पुढच्याच वर्षी अपंग सैनिकांना धंदाशिक्षण देण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती आज खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. म्हणजे पाय गेला तर लाकडाचा पाय मिळायची व्यवस्था आपल्या मुलखात होती, आणि चांगली होती. ज्याचा पाय गेला नाही, नुसता आयुष्यभर ठणकत राहिला, त्याची मोजदाद कुठे? अपशिंगे मिलिटरीचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, हे साताऱ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजांनी गावोगाव बसवलेल्या पाट्यांवर लढाईला गेले किती आणि त्यातले मेले किती, हे दोनच आकडे असतात. जखमी होऊन परत आलेल्यांना तिसरी ओळ मिळाली नाही.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. पानिपतावर महादजी शिंद्यांच्या पायावर घाव बसला आणि ते जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिस्त्यानं त्यांना रणातून सोडवून आणलं. महादजींनी त्याला भाऊ मानून सरदारकीला चढवलं. जखम सरदाराची होती म्हणून भिस्त्याचंही नाव राहिलं. नामदेव जाधवांना 1945 मध्ये इटलीत, सेनिओ नदीच्या काठी, हाताला जखम झाली. टॉमीगन चालवता येईना तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब फेकले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून ती जखम इतिहासात गेली.

माझ्याकडे येणारे आप्पा तसे कुणी नव्हेत. 1971 च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर मोर्टारचा गोळा जवळ फुटला आणि मांडीत किरच घुसली. रेजिमेंटल एड पोस्टवर डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मागच्या इस्पितळात पाठवायला निघाले. आप्पा गेले नाहीत. सेक्शन सोडून कुठं जायचं, म्हणून लंगडत परत खंदकात आले. कौतुकाची गोष्ट आहे, पण माझ्यातला बाबू ती ऐकून कपाळावर हात मारतो. इस्पितळात भरती झाले असते तर भरतीची नोंद झाली असती, बॅटल कॅज्युअल्टी म्हणून तार गेली असती, सेवेतल्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघाली असती आणि आज काम पाच मिनिटांचं होतं. आप्पा खंदकात परतले आणि त्यांच्या जखमेचा कागद जन्मालाच आला नाही.

अर्ज केला. उत्तर आलं, इंग्रजीत, दोन ओळींचं. त्या काळचे वैद्यकीय कागद मुदत संपल्यानं नष्ट केले आहेत, तरी जखमेचा पुरावा सादर करावा. ज्यानं कागद जाळले त्यानंच कागद मागावा, हे आप्पांना काही केल्या पटेना. मला पटतं, आणि त्यावरून आमचं वाजतं. पदकं वाटायची तर खोटे दावेदारही येणार. सहीशिवाय दिलेलं पदक उद्या बाजारात मिळेल. महाराजांना जखम पाहून होन देता आले, कारण पट्टीखाली काय आहे ते कळायला मध्ये पन्नास वर्षं नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला, 1932 साली, पर्पल हार्ट हे पदक नव्यानं सुरू झालं. पहिल्या महायुद्धातल्या जखमींनाही ते खुलं होतं, पण मागून घ्यावं लागे. पुढे जुलै 1973 मध्ये सेंट लुईसच्या रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि 1912 ते 1960 दरम्यान सुटलेल्या लष्करी शिपायांच्या फायलींपैकी जवळजवळ 80 टक्के खाक झाल्या. आपलं पदक सुरू झालं त्याच वर्षी. तिथले म्हातारेही मग जुनी पत्रं नि साथीदारांचे जबाब गोळा करत बसले.

आप्पांचा पुरावा निघाला तो कंबरदुखीतून. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मशीनवरच्या पोरानं विचारलं, "आजोबा, अंगात काही धातू आहे का?" आप्पा म्हणाले, "हाय की, पाकिस्तानचा." पोरगा हसला, पण मशीनमध्ये न घालता आधी एक्स-रे काढला. मांडीच्या हाडालगत करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका, एक कड धारदार. मी ती फिल्म खिडकीला लावून बराच वेळ पाहिली. आयुष्यभर कागद हाताळले, पण शिक्का नसलेला इतका खरा कागद पाहिला नव्हता.

एक्स-रेवर तारीख मात्र आजची. ठिपका 1971 चा कशावरून? तेव्हा मी डिस्चार्ज बुक उघडलं. भरतीच्या वेळी ओळखखुणा लिहून घेतात. आप्पांच्या दोन आहेत, डाव्या भुवईवर तीळ आणि उजव्या कोपराखाली भाजल्याचा डाग. मांडीवरचा वण त्यात नाही. म्हणजे भरती झाले तेव्हा तो नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात असाच विचार केला आहे. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही ती नोकरीत जडली असं धरावं, आणि शंकेचा फायदा शिपायाला द्यावा. तो निकाल अपंगत्वाच्या पेन्शनचा आहे, पदकाचा नाही, हे मला कळतं. तरी अर्जात घातला. न घालणारा बाबू कसला?

उशीर काय असतो ते मुरलीकांत पेटकरांना विचारावं. ते सांगलीकडचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. तरी 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला, पॅरालिम्पिकमध्ये, पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक त्यांनी आणलं. पद्मश्री आली 2018 मध्ये, अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये. सुवर्णपदक हातात असलेल्या माणसाला इतकी वाट पाहावी लागली, तर एक्स-रे घेऊन बसलेल्याचं काय?

आप्पांना पैसे नको आहेत. पेन्शन आहे, पोरगा शिक्षक आहे. पूर्व आघाडीचा पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, सगळं पेटीत आहे. "ती समद्यांनाच मिळाली," म्हणतात. "लागलं ते मला लागलं."

आता नवा अर्ज तयार आहे. एक्स-रे, डिस्चार्ज बुकाची प्रत, आणि त्यांच्या सेक्शनमधल्या कोल्हापूरकडच्या एका साथीदाराचं प्रतिज्ञापत्र. साथीदाराला दिसतं कमी, पण तारीख नि वेळ तो न अडखळता सांगतो. त्याच्या अंगठ्याखाली नोटरीचा शिक्का तिरका पडलाय. नवा मारून घ्यावा म्हणतो मी. आप्पा म्हणतात, राहू दे, टपाल चारला निघतंय.