कॅलक्युलेटरवाल्यांचा बाजा

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सिगारेटचीही टंचाई होती. मिळालेली सिगारेट शेवटच्या चिमटीपर्यंत ओढायची, मग बोटं भाजली तरी बेहत्तर. तोक्योलगतच्या मिताका इथं १९४६ साली तादाओ काशिओ यांनी एक छोटा कारखाना काढला होता. त्यांचे धाकटे भाऊ तोशिओ यांनी या थोटकावर तोडगा काढला. बोटात घालायची अंगठी आणि तिलाच जोडलेली सिगारेटची नळी. सिगारेट पुरती ओढून व्हायची आणि हात कामाला मोकळा राहायचा. अंगठी चांगली खपली, आणि त्या पैशावर काशिओ बंधूंनी आकडेमोडीचं यंत्र करायला घेतलं.

ते १९५७ साली बाजारात आलं. मॉडेल १४-ए, आत ३४२ रिले, वजन १४० किलो, आकार ऑफिसातल्या टेबलाएवढा, किंमत ४ लाख ८५ हजार येन. त्याच वर्षी कंपनीचं नाव कॅसिओ झालं. पंधरा वर्षांनी, १९७२ मध्ये, याच कंपनीचा ‘कॅसिओ मिनी’ तळहातावर मावत होता आणि १२,८०० येनला मिळत होता. दहा महिन्यांत दहा लाख नग गेले. ही किंमत साधली कशी, तर पडद्यावर सहाच आकडे ठेवून. घरखर्च लिहिणाऱ्याला याहून मोठी रक्कम लागते कशाला, असा साधा हिशेब होता. आधी किंमत ठरवायची, मग तिच्यात काय बसतं ते पाहायचं आणि उरलेलं निर्दयपणे छाटायचं. पुढे वाद्यं करतानाही कंपनीनं हाच शिरस्ता पाळला.

वाद्यं करण्याचं मनावर घेतलं ते तोशिओंनी. त्यांना स्वतःला वाद्य येत नव्हतं, संगीताची आवड मात्र दांडगी. शिवाय सत्तरच्या दशकात कॅलक्युलेटरच्या धंद्यात किमती पाडण्याची जी स्पर्धा लागली होती, तिच्यात चिप स्वस्त आणि मुबलक झाल्या होत्या. १९७४ मध्ये कॅसिओनं त्या घड्याळात घातल्या. राहिलं होतं संगीत.

त्या काळी सिंथेसायझर म्हणजे श्रीमंतांचं काम. अमेरिकेत १९७० साली आलेला मिनीमूग हा त्यातल्या त्यात आटोपशीर, तरी किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास, आणि वाजणार एका वेळी एकच सूर. तोशिओंनी वेगळीच वाट धरली. माणसाच्या बोलण्यात जसा आधी व्यंजनाचा आघात आणि मागून स्वराचा लांबलेला नाद असतो, तसंच वाद्याच्या आवाजाचं असतं, असं त्यांचं म्हणणं. पियानोच्या तारेवर हातोडी आदळते तो क्षण निराळा आणि नंतर तार घुमत राहते तो नाद निराळा. हे दोन तुकडे वेगवेगळे घडवून जोडले तर थोडक्या चिपवर पुष्कळ वाद्यांची नक्कल करता येईल. जानेवारी १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ आला तो या तत्त्वावर. ४९ पट्ट्या, २९ वाद्यांचे आवाज, किंमत ९७,००० येन. त्यातलं व्हायोलिन व्हायोलिनसारखं लागायचं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण दिवाणखान्यात ठेवता येईल आणि पगारदार माणसाला घेता येईल असं ते वाद्य होतं.

मग कॅसिओनं आणखी खाली उडी मारली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलेला व्हीएल-१ हा वाद्य आणि कॅलक्युलेटर यांचा अजब संकर होता. पट्ट्यांऐवजी २९ बारकी बटणं, शेजारी अधिक-उणेच्या खुणा, वर आकडे दाखवणारी छोटी काच. अमेरिकेत तो सत्तर डॉलरच्या आत मिळे. सूर एका वेळी एकच. पण या खेळण्यात नवा आवाज घडवायची सोय होती आणि ती खास कॅलक्युलेटरवाल्यांच्या डोक्यातून निघालेली होती. यंत्र हिशेबाच्या खटक्यावर आणायचं आणि आठ आकडी संख्या मेमरीत टाकायची. पहिला आकडा लहरीच्या जातीचा. पुढचे पाच सूर कसा चढेल, उतरेल, कोणत्या पातळीवर किती वेळ टिकेल आणि बटण सोडल्यावर किती वेळ रेंगाळेल याचे. शेवटचे दोन कंपनाचे. मग वाजवण्याच्या खटक्यावर यायचं, की ती संख्या ऐकू येऊ लागायची. शंभर सुरांपर्यंतची चाल त्यात साठवता यायची आणि ती एका बोटानं, एकेक सूर दाबत पुन्हा वाजवताही यायची. ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याचीही कंपनीनं एवढी काळजी घेतली होती.

यात दहा तयार ठेके होते. तबला-ढोलकी सोडाच, ड्रमशीही त्यांचं नातं दूरचं. टिक्, टॉक् आणि फुस् एवढाच कारभार. जर्मनीतल्या ‘ट्रिओ’ या तिघांच्या बँडला नेमकं तेच हवं होतं. गाण्यातलं जे जे काढून टाकता येईल ते काढायचं, हा त्यांचा बाणा. त्यांच्या ‘दा दा दा’ या १९८२ च्या गाण्यात व्हीएल-१ चा ठेका जसाच्या तसा, कसलीही लाज न बाळगता वाजतो. निर्माता होता क्लाउस फोरमन, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचं मुखपृष्ठ काढणारा. गाणं युरोपभर गाजलं. १९९७ मध्ये अमेरिकेत फोक्सवागनच्या जाहिरातीतून ते पुन्हा वर आलं, तोच पाप्याचं पितर ठेका घेऊन.

या सगळ्यातली मोठी घटना मात्र घडली जमैकात.

ओकुदा हिरोको या कुनिताची संगीत महाविद्यालयात शिकलेल्या. पदवीचा प्रबंध त्यांनी रेगे या जमैकातल्या संगीतावर लिहिला. अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या त्या संस्थेत हा विषय निवडायला हिंमत लागली असणार. रेगेचा गायक बॉब मार्ली जपानच्या दौऱ्यावर आला होता तो १९७९ साली, म्हणजे त्यांच्या विद्यार्थिदशेतच. १९८० मध्ये त्या कॅसिओत लागल्या आणि एमटी-४० या छोट्या कीबोर्डचे ठेके बसवायचं काम नवख्या ओकुदांकडे आलं. ३७ पट्ट्या, २२ आवाज, डावीकडे खर्जासाठी पंधरा बटणं आणि सहा ठेके. प्रत्येक ठेक्याला खर्जाच्या सुरांची एक आवर्ती ओळ द्यायची होती. ‘रॉक’ या ठेक्यासाठी त्यांनी जी ओळ बांधली, ती सत्तरच्या दशकातल्या एका ब्रिटिश रॉक गाण्यावरून सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं. गाण्याचं नाव सांगायचं टाळलं. ओळ रॉकची खरी, पण तिच्या चालण्यात एक झोका आहे, मध्ये सोडलेली जागा आहे. प्रबंधासाठी महिनोन्‌महिने ऐकलेलं रेगे बोटांत उतरलं नसेल, असं मानणं कठीण.

हा एमटी-४० किंग्स्टनमध्ये नोएल डेव्ही या वादकाकडे होता. तो आणि गायक वेन स्मिथ यांना एक दिवस हा रॉकचा ठेका सापडला. ठेका निवडायचा, ‘सिंक्रो’चं बटण दाबायचं आणि खर्जाचं ठरावीक बटण दाबलं की ओळ आपोआप धावू लागायची. दोघे यंत्र घेऊन लॉइड जेम्स ऊर्फ प्रिन्स जॅमी यांच्या वॉटरहाउस भागातल्या स्टुडिओत गेले. जॅमींनी लय बरीच खाली आणली, वर पियानोचे आघात आणि टाळ्या चढवल्या. वेनच्या शब्दांसह तयार झालं ते ‘अंडर मी स्लेंग टेंग’. २३ फेब्रुवारी १९८५ च्या रात्री जॅमींची साउंड सिस्टीम आणि ‘ब्लॅक स्कॉर्पिओ’ यांच्यात जुगलबंदी होती. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखाच प्रकार, फक्त भिंतीएवढ्या स्पीकरांचा. तिथं जॅमींनी हे गाणं बाहेर काढलं आणि सामना तिथंच निकालात निघाला.

जमैकात एकाच वादनावर अनेक गायकांनी आपापली गाणी बांधायची जुनी रीत आहे. त्या मूळ वादनाला ‘रिडिम’ म्हणतात. तोवर रिडिम म्हणजे स्टुडिओत बसलेले ड्रमवाले, बासवाले, गिटारवाले आणि त्यांचं मानधन. स्लेंग टेंगवर शेकडो गाणी निघाली आणि एकातही बासवाला नव्हता. वर्षभरात जमैकातले निर्माते कीबोर्ड आणि ड्रम मशीनच्या मागे लागले. स्टीली आणि क्लिव्ही या जोडीसारखे यंत्रं हाताळणारे पुढे आले आणि साथीवर पोट असलेले कित्येक मुरलेले वादक मागे पडले. स्वस्त वाद्याच्या कौतुकात हा भाग सहसा गाळला जातो. ज्याच्याकडे स्टुडिओचं भाडं नव्हतं त्याला दार उघडलं आणि ज्याचं घर त्या स्टुडिओवर चालत होतं त्याला ते बंद झालं. दोन्ही एकाच बटणानं.

ओकुदांना हे कळलं १९८६ मध्ये, जपानी संगीतमासिकात स्लेंग टेंगच्या लाटेबद्दल वाचून. रेगेवर प्रबंध लिहिणारीनं रॉक म्हणून बांधलेली ओळ, आणि रेगेनं ती उचलून स्वतःचीच दिशा बदलली. कॅसिओनं त्या ओळीसाठी कुणाकडे पैसे मागितले नाहीत.

याच सुमारास कॅसिओला व्यावसायिक वादकांत बसायची इच्छा झाली. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला होता, सुमारे दोन हजार डॉलरचा. त्यातलं तंत्र स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचं आणि त्याचे हक्क यामाहाकडे. कॅसिओनं बगल देणारी युक्ती काढली. मेमरीत साठवलेली एक गुळगुळीत लहर समान वेगानं वाचायची नाही. प्रत्येक फेऱ्यात अर्धी झरझर, उरलेली रमतगमत वाचायची. लहर एका बाजूला कलते, आवाजाला धार येते. वाचण्यातला हा असमतोल वेळेनुसार बदलत ठेवला की गिटारची तार छेडल्यावर आवाज जसा झगझगीतपणे सुरू होऊन मऊ होत जातो, तसा परिणाम मिळतो. १९८४ चा सीझेड-१०१ या तत्त्वावर चालायचा. किंमत ५०० डॉलरच्या आत, पट्ट्या बारक्या, बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवता येणारा. आणि संगणकाला जोडला तर एकाच वेळी चार वेगळी वाद्यं वाजवणारा. हे तर डीएक्स-७ लाही जमत नव्हतं. बारक्या पट्ट्या पाहून नाकं मुरडणाऱ्यांनी स्टुडिओत तो गुपचूप घेतलाच.

पाठोपाठ आलेल्या एसके-१ मध्ये मायक्रोफोन होता. सेकंद-दीड सेकंदाचा कुठलाही आवाज टिपायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. कुत्र्याच्या भुंकण्यावर सारेगम वाजवलं नाही असं एसके-१ असलेलं घर विरळाच.

मुंबईत या काळात काय चाललं होतं? चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र मुळात घरी एकट्यानं रियाझ करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून केलेलं; त्या कामात ते इतकं नापास झालं की रोलँडनं १९८४ मध्ये उत्पादन थांबवलं. शिकागोत त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत निघालं ते १९८७ मध्ये. सिंग यांची रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या डीजेंनी ती डोक्यावर घेतली.

पण महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण घरांत जे आलं ते कॅसिओच. आखातात नोकरीला गेलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केट, मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणांहून. कारण आयात शुल्क भरून आणायचं म्हटलं तर स्वस्त हा शब्दच उरत नव्हता. गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात, हौशी ऑर्केस्ट्रात तो रुळला. यामाहा असला तरी लोक त्याला कॅसिओच म्हणत.

हार्मोनियमनं या बाबतीत वाट मळून ठेवली होती. तीही परदेशीच, तिच्यातही मींड निघत नाही, आणि याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला बंदी घातली होती. नाट्यसंगीताचं तिच्यावाचून पान हललं नाही ते नाहीच. कीबोर्डवरही तोच आक्षेप आला. सूर वाकवायचं चाक हे त्यावरचं अर्धंमुर्धं उत्तर.

अडचण आली ती डाव्या हाताची. कॅसिओच्या आपोआप साथीची सारी रचना अशी, की डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, दाबायची आणि उजव्यानं चाल वाजवायची. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर. तो कीबोर्डपाशी बसला की उजव्या हातानं गाणं सुरेख निघायचं, डावा नुसता मांडीवर. रागाच्या चालीखाली मेजर-मायनर कॉर्ड दिली तरी कानाला खटकायची. पुढे कॅसिओनं खास भारतासाठी मॉडेलं काढली, त्यांच्या नावापुढे ‘आयएन’ लावून, आणि त्यांत दादरा, केरवा, गरबा असे ठेके घातले. सोबत तानपुराही दिला, ज्याला कॉर्ड लागतच नाही.